माझ्या नावावरचा पगार

॥ श्री ॥
धुळे, १२ जून २०२५

ती. सुकदेवभाऊंस,
धाकट्या पितांबरचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

खिशात फोन असताना हा कागद कशाला, असं तुम्ही म्हणाल. रविवारी फोनवर माझा आवाज चढला. तुम्ही फोन ठेवून दिलात, ते बरं केलंत. सरिता नंतर मला म्हणाली की थोरल्या भावाशी असं बोलणारा माणूस मी लग्न करून आणला नव्हता. कागदाला आवाज नसतो, म्हणून कागद. दुसरं कारणही आहे, ते लपवत नाही. आमच्या कॉलनीतल्या कर सल्लागार मयुरीताईंनी सांगितलंय की या बाबतीत जे काही विचाराल ते लेखी विचारा आणि उत्तरही लेखीच घ्या.

रविवारी रागात नीट सांगता आलं नाही, म्हणून पुन्हा लिहितो. आयकर खात्याकडून मला सूचना आली आहे. २०२३-२४ सालच्या विवरणपत्रात मी सूतगिरणीचा पाच लाख दहा हजार पगार दाखवला होता. खातं म्हणतं, माझ्या पॅन नंबरवर आणखी आठ लाख बेचाळीस हजार पगाराची नोंद आहे, ती मी लपवली. त्यातून चौसष्ट हजार कर कापून माझ्या नावावर भरलासुद्धा आहे. आणि ही नोंद पाठवणारा मालक कोण, तर यावलची तुमची शाळा.

भाऊ, मी गिरणीच्या भांडारात एकोणतीस वर्षं सुटे भाग मोजतो आहे. यावलच्या शाळेत मी कधी शिकलोही नाही, शिकवणं तर दूर. त्या शाळेचा पगार बावीस वर्षं तुम्ही करता. न केलेल्या नोकरीवर कोणाचं तरी नाव लावून पगार उचलल्याच्या बातम्या आपण दोघांनी एकाच पेपरात वाचल्या आहेत, आणि वाचून हसलोही आहोत. आता हसू येत नाही.

३१ जुलैपर्यंत उत्तर द्यायचं आहे. दिलं नाही तर फरकाचा कर एकावन्न हजार, वर व्याज, आणि दंड वेगळा. मयुरीताई म्हणाल्या, कर बराचसा भरलेलाच आहे, वाटलं तर मिळकत मान्य करून मोकळे व्हा. पण माझं नसलेलं माझं म्हणून सही करू? रोज संध्याकाळी देवापुढे दिवा लावतो, त्या हाताने?

एकच प्रश्न विचारतो. तुमच्या पगारपत्रकात माझा नंबर कसा आला? आणि विचारू नये, पण विचारतो. मागच्या साली तुम्ही वर खोली बांधलीत, ती कशातून?

वहिनींना नमस्कार. लोभ अजून तरी आहे, तो राहील असं उत्तर यावं.

आपला,
पितांबर

---

॥ श्री ॥
यावल, १८ जून २०२५

चि. पितांबरास,
सुकदेवचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. पाकीट फोडताच सरकारी वास आला. आवक क्रमांक तेवढा घालायचा राहिला होता, तो मी घातला.

इकडे सर्व क्षेम. तुझी नानीवहिनी गुडघ्याला तेल लावते आणि मला बोल लावते, दोन्ही नियमाने. केळीला यंदा भाव बरा आहे. लताअक्काचा धरणगावहून फोन होता, त्यांची कपाशी लावून झाली.

वरच्या खोलीचं विचारलंस. शिक्षकांच्या पतपेढीचं कर्ज आहे, आणि वहिनीच्या पाटल्या आहेत. पाटल्या होत्या, असं लिहायला हवं. तिचे हात मोकळे आहेत, ते तू दिवाळीत पाहिले असशील. पाहिले नसतील तर दिवाळीच्या फोटोत बघ.

राहिला तुझा नंबर. बाबा रे, संगणकाच्या कामात कुठे काय चिकटतं ते ब्रह्मदेवाला कळत नाही. आमची पत्रकं जळगावच्या सल्लागाराकडून जातात, तिथेही दहा हात लागतात. तू याच्या मागे लागू नकोस. त्या मयुरीताई सांगतात ते ठीक आहे. मान्य करून टाक आणि एकावन्न हजार भर. ते मी तुला देतो, व्याजासह देतो. दोन हप्त्यांत मिळतील. फक्त माझ्याकडून लेखी काही मागू नकोस, आणि हे पत्र त्या बाईंना दाखवू नकोस.

३ ऑगस्टला कानबाई आहेत. यंदा देवी आपल्या घरी बसणार. तुमच्याकडची किती माणसं येणार ते कळव, म्हणजे रोटाचे गहू काढता येतील. तुझ्या ऋतिकाला हॉस्टेलमधून सुटी मिळेल का तेही कळव.

लोभ पूर्वीइतकाच आहे. तू त्याचीही पावती मागशील म्हणून लिहून ठेवतो.

तुझा,
सुकदेव

---

॥ श्री ॥
धुळे, २८ जून २०२५

ती. भाऊंस,
सा. न. वि. वि.

तुमच्या पत्रातली केळी, कपाशी, गुडघा सगळं वाचलं. शेवटी तुम्ही एकावन्न हजार देतो म्हणालात, तिथे मी अडखळलो. तुमचा काही संबंध नसेल तर तुम्ही का द्यावेत? आपल्या सायकलीच्या पंक्चरचे चार रुपये तुम्ही मला महिनाभर मागत होतात. आज एकावन्न हजार न मागता देता, आणि कोणाला दाखवू नको म्हणता.

पाटल्यांचं वाचून सरिता रडली. मीही दिवाळीचे फोटो काढून बघितले. पण खरं सांगतो, थोड्या वेळाने मनात आलं की हेही मला गप्प करायलाच लिहिलं असेल. असं मन झालंय माझं. देवळात गेलो तरी आधी चप्पल कोणी नेईल का हे बघतो.

आता पुढचं ऐका. मयुरीताईंनी खात्याच्या संकेतस्थळावर हरकत नोंदवली होती की ही नोंद माझी नाही. खात्याने ती हरकत तुमच्या शाळेकडे पडताळणीसाठी पाठवली. २४ तारखेला शाळेचं उत्तर आलं: ‘माहिती बरोबर आहे.’

शाळा म्हणजे कोण, भाऊ? भिंती तर उत्तर पाठवत नाहीत.

म्हणून मनात आलेलं लिहितो. घरातल्या प्रत्येकाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढायचे, त्याचे रोट करायचे आणि ते भाऊबंदांनी एकत्र बसून खायचे, ही आपली रीत. पण मनात एवढा संशय धरून मला कानबाईपुढे बसता येणार नाही. यंदा आमच्या चौघांचे गहू काढू नका. मी, सरिता आणि दोन्ही पोरी धुळ्यातच वेगळा रोट करू. सरिताने गहू निवडून पिशवीत भरलेही आहेत.

लोभाचं काय करायचं ते तुमच्या उत्तरावर ठेवतो.

पितांबर

---

धरणगाव, ९ जुलै २०२५

चि. पितांबर यास,
लताअक्काचा आशीर्वाद.

मला तुमच्यासारखं छान छान लिहिता येत नाही. सरळ विचारते. तू येडा शे का?

शुक्रवारी ४ तारखेला तू यावलला गेला होतास. नाही म्हणू नको, बठ्ठा गावले माहीत शे, सगळ्या गावाने पाहिलंय. शाळेच्या फाटकासमोर चहाच्या टपरीवर तीन तास बसलास. तोताराम शिपायाला विचारलंस की पितांबर नावाचा कोणी माणूस तुमच्याकडे पगार घेतो का. आणि दोनच्या गाडीने परत फिरलास. भावाचं घर तिथून दोनशे पावलांवर. तिथे घोटभर पाणी प्यायला नाहीस. आपल्या घरात असं कोणी केलं नव्हतं. भांडणं केली, डोकी फोडली, पण जेवून फोडली.

नानीवहिनीने मला फोन केला. रडत नव्हती, तेच जास्त लागलं. तिने त्या दिवशी भरीत आणि कळण्याची भाकरी करून ठेवली होती. तुला आवडते म्हणून. तू गावात आहेस हे तिला कसं कळलं ते मी विचारलं नाही.

सुकदेवभाऊ पण काही कमी नाही. त्याला मी सांगितलं, तू काही तरी लपवतोस, तुझा आवाज मला लहानपणापासून ठाऊक आहे. पेरू चोरला होता तेव्हा पण असाच केळीच्या भावावर बोलत होता. त्याने फोन वहिनीकडे दिला.

माझा रोट सासरचा, तुमच्यात माझी मूठ नाही. पण वेगळा रोट झाला तर माझं माहेर दोन जागी होईल. मग मी कोणत्या गाडीत बसू ते कळव.

लोभ बिभ काही नाही. घरी जा, ही विनंती नाही.

तुझी,
अक्का

---

॥ श्री ॥
यावल, १३ जुलै २०२५

चि. पितांबरास,
आशीर्वाद. वि. वि.

यावेळी केळीचा भाव लिहीत नाही.

४ तारखेला ऑफिसच्या खिडकीतून मी तुला पाहिलं. तू फाटकाकडे बघत होतास आणि मी तुझ्याकडे. तीन तासांत मी एकही कागद हलवला नाही. उठून बाहेर यावं, हाताला धरून घरी न्यावं, असं दहादा वाटलं. पण तू विचारशील त्याचं उत्तर तेव्हा माझ्याजवळ नव्हतं. घरी फोन करून तेवढं भरीत करायला सांगितलं. वाटलं, निघताना तरी येशील. टपरीवाल्याने तुझ्याकडून तीन चहांचे पैसे घेतले नाहीत ना? ते मी माझ्या खात्यावर लिहायला सांगितले होते. एवढ्या संशयात तुला त्याचा संशय कसा आला नाही?

आता उत्तर. आमच्या शाळेत गोपाल सर आहेत, सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरचे. सहा वर्षं बिनपगारी शिकवत होते. सुटीत डिंक आणि मोहफुलं वेचून घर चालवायचे. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांची मान्यता आली आणि थकबाकी एकदम निघाली, आठ लाख बेचाळीस हजार. पण त्यांच्याकडे पॅन कार्ड नव्हतं. पगारच नाही तर कार्ड कशाला काढतील? अर्ज टाकला होता, कार्ड यायचं होतं. बिल त्याच आठवड्यात गेलं नसतं तर पैसे परत गेले असते. आणि पॅनशिवाय वीस टक्के कापावे लागतात, म्हणजे एक लाख अडुसष्ट हजार. नियमाने चौसष्ट बसत होते.

तक्त्यातली जागा रिकामी राहिली की पुढे जाता येत नाही. माझा नंबर आधीच यादीत होता, एक नंबर दोनदा घेत नाही. दुसरा तोंडपाठ नंबर माझ्याजवळ एकच आहे, तुझा. तुझा अर्ज मी भरला. तू दोनदा कार्ड हरवलंस, दोन्ही वेळा मी काढून दिलं. दर साली गिरणीने विचारलं की तू मला फोन करतोस, भाऊ, माझा नंबर सांगा. बोटांनी तो आपोआप लिहिला. आठ दिवसांत बदलू म्हटलं. गोपाल सरांचं कार्ड आलं, मी रजिस्टरात त्यांचा नंबर चढवला, आणि जळगावला गेलेल्या तक्त्यात बदलायचा राहून गेला. ‘माहिती बरोबर आहे’ हे उत्तरही जळगावहून सगळ्या ओळींना एकगठ्ठा गेलं. मी ते पाहिलंही नव्हतं. पण मी पाहायला हवं होतं.

हे जूनमध्येच का नाही सांगितलं? नकळत झालेली चूक असती तर सांगितलं असतं. मी जाणून दुसऱ्याचा नंबर घातला. हेतू काहीही असो, कारकुनाने असं केलं तर त्याला चूक म्हणत नाहीत. निवृत्तीला तीन वर्षं आहेत. तू लेखी मागत होतास, आणि लेखी दिलेलं आपल्या हातात राहत नाही, हे मी बावीस वर्षं बघतोय. पैसे देऊन सुटेल असं वाटलं. तुझ्याशी चोरासारखा वागलो आणि तू मला चोर समजलास म्हणून रागावलो.

परवा मुख्याध्यापकांना सगळं सांगितलं. दुरुस्ती त्यांच्या सहीशिवाय जात नाही. काल सुधारित पत्रक गेलं, त्यात गोपाल सरांचा नंबर आहे. त्याची पोच जोडतो. सोबत शाळेच्या कागदावर माझ्या सहीचं कबुलीपत्र आहे, कोणी, कधी, कसं, सगळं. तुझ्या मयुरीताईंना द्यायचं की नाही ते तू ठरव. दिलंस तर मी बोल लावणार नाही.

लोभ ठेवावा असं लिहायचा अधिकार आज माझ्याकडे नाही.

सुकदेव

---

यावल, २४ जुलै २०२५

चि. पितांबरास आशीर्वाद.

अकरा दिवस झाले, तुझी ओळ नाही. मुख्याध्यापकांनी मला लेखी ताकीद दिली, ती घेतली. पण परवा संस्थेच्या अध्यक्षांनी बोलावून विचारलं, धुळ्याहून तुमच्याबद्दल काही येणार आहे का? मी नाही म्हणालो, आणि म्हणताना खात्री नव्हती.

तो कागद कोणाकडे आहे? तू रागाचा माणूस नाहीस, पण तू गप्प बसलास की मला भीती वाटते. महिनाभर माझ्याबद्दल तुझ्या मनात जे चाललं होतं, ते आता तुझ्याबद्दल माझ्या मनात चाललंय. लिहायला लाज वाटते. होय नाही एवढं तरी कळव.

सुकदेव

---

॥ श्री ॥
धुळे, २९ जुलै २०२५, नागपंचमी

ती. सुकदेवभाऊंस,
पितांबरचा शिरसाष्टांग नमस्कार. हा नमस्कार मागच्या वेळच्यापेक्षा खाली वाकून केलेला आहे. वि. वि.

हे पत्र पोस्टाने पाठवत नाही. शिरपूरच्या ओळखीच्या माणसाचा ट्रक केळी भरायला यावलला येतोय, त्याच्या हाती देतो, म्हणजे उद्याच मिळेल.

तुमचा कागद माझ्या सदऱ्याच्या खिशात होता. मयुरीताईंनी दोनदा विचारलं की भावाकडून लेखी काही आलं का, आलं असेल तर प्रकरण एका दिवसात मिटेल. पहिल्या वेळी माझा हात खिशापर्यंत गेला. खोटं सांगत नाही, द्यावासा वाटला. तीन तास टपरीवर बसलो त्याचा राग होता, आणि तुम्ही खिडकीतून बघत होतात हे वाचून तो आणखी वाढला होता. त्या रागात तुम्हाला उत्तर लिहिता येईना. दुसऱ्या वेळी मी म्हणालो की काही आलेलं नाही. घरी आल्यावर देवापुढे तेवढं सांगून टाकलं.

मग गोपाल सरांना फोन केला. ते स्वतः धुळ्याला आले, आपलं कार्ड, नेमणुकीचा आदेश आणि बँकेचं पुस्तक घेऊन. चहा घेईनात. म्हणाले, त्यांच्या नावावर करच दिसत नव्हता, त्यांनाही वर्षभर वाटत होतं की शाळेने कापलेले चौसष्ट हजार कारकुनाने खाल्ले. भाऊ, एका ओळीने तुम्ही दोघांचे चोर झाला होतात. जाताना ते मला म्हणाले, तुमच्या भावाने माझे लाखभर वाचवले, हे मला आज कळलं. त्यांचे कागद, माझ्या गिरणीचं प्रमाणपत्र आणि तुमच्या सुधारित पत्रकाची पोच, एवढ्यावर शनिवारी उत्तर दाखल केलं. काल सकाळी मयुरीताईंनी संगणकावर दाखवलं. माझ्या नंबरापुढून शाळेची ओळ गेली आहे, ती गोपाल सरांच्या नावापुढे दिसते. आता माझा पगार पाच लाख दहा हजार, जेवढा आहे तेवढाच.

कबुलीपत्र कोणी पाहिलेलं नाही. फाडलंही नाही, कारण मी फाडलं असं लिहिलं तर तुम्हाला ते खरं वाटेलच असं नाही. रविवारी सोबत आणतो. तुमच्या हाती देईन, चुलीत तुम्हीच घाला.

होय, रविवारी. आम्ही चौघं शनिवारीच निघतो, ऋतिकाला सुटी मिळाली आहे. सरिताने निवडलेली पिशवी घेऊन येतो. चार जणांचे पाच मुठी गहू आहेत, ते तुमच्या परातीत ओता म्हणजे झालं. वहिनींनी आमच्या नावाचे आधीच काढून ठेवले असतील, असा मला संशय आहे. हा शेवटचा. तसं असेल तर रोट दोन जास्त होतील, ते मी खाईन. भरीत मात्र शनिवारीच हवं, त्या दिवसाचं बाकी आहे. अक्काला एकाच गाडीत बसायला सांगितलंय.

एक गोष्ट राहिली. कबुलीपत्राच्या तळाशी सहीखाली तुम्ही सवयीने आपला पॅन नंबर लिहिला आहे. अकरा दिवस तो कागद उघडला की नजर तिथे जायची. तुम्हाला माझा नंबर पाठ आहे आणि मला तुमचा जन्मात माहीत नव्हता. म्हणून पाठ करायला घेतला. पहिली पाच अक्षरं झाली आहेत. पुढचे आकडे सारखे उलटसुलट होतात. शनिवारी म्हणून दाखवीन, चुकलो तर सांगा.

लोभ होता तिथेच आहे, मीच जरा दूर बसलो होतो.

आपला,
पितांबर